कम्प्युटरच्या हत्यारांची खंडेनवमी

ऐका. गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगते, ह्यातला शब्दन् शब्द खरा हाय. एक अक्षर जरी खोटं निघालं तर ह्या वर्सी माझ्या शेंगाच्या चटणीला तेल सुटू नये. आन सोलापुरात राहून जिच्या चटणीला तेल सुटत न्हाय तिनं कुटं तोंड दाखवायचं, ते तुमीच सांगा.

तर चिंचोळी एमआयडीसीत नरसय्या शेठचा चादरीचा कारखाना हाय. आठ लूम. त्यातला एक नवा, त्येच्या डोक्यावर कम्प्युटरवालं जॅकार्ड बसवल्यालं. जुन्या काळी पुठ्ठ्याला भोकं पाडायची, पुठ्ठ्यांची माळ करायची, ती फिरली की चादरीवर मोर उठायचा. आता पुठ्ठे गेले. चित्र कम्प्युटरवर काढायचं, त्येची लूमला कळंल अशी फाईल करायची, पेनड्राइव्हवर घ्यायची आन लूमच्या डब्यात खुपसायची.

ह्या कामाला शेठनं झीनतला ठेवलं हुतं. भवानी पेठेतल्या फकीर टेंपोवाल्याची थोरली पोरगी. अंगानं चिपाड, पन बोटं अशी चालायची की कीबोर्डवर बसलेली माशी उडायच्या आत हिच्या चार ओळी लिवून व्हायच्या. आता ठेवलं म्हंजे कायमचं न्हाय. शेठ म्हनला, "एक महिना बघू. दसऱ्याच्या मुहूर्ताला नव्या लूमवर पयली चादर तुज्या डिझाईनची निघाली, तर तू हितली. न्हाय निघाली तर हैद्राबादला स्टुडिओ हाय. ते डिझाईन पाठवत्यात. त्येंना रजा लागत न्हाय, डबा लागत न्हाय, पंख्याखालची खुर्ची लागत न्हाय."

झीनतला हैद्राबादचं भ्या नव्हतं. तिला भ्या हुतं नवी पेठेचं. तितं तिच्या मामूचं मोबाईलचं दुकान, आन मामूनं सांगून ठेवलं हुतं, नोकरी गेली की दुसऱ्या दिवशी काउंटरला. दिसभर लोकांच्या फोनला काच चिकटवायची आन खाली राहिलेला बुडबुडा कार्डानं घासून भायेर काढायचा.

"एक काढला की दुसरा येतो, मावशी," झीनत म्हनायची. "आयुष्य बुडबुडे काढण्यात जाणार असेल तर मला आत्ताच सांगा."

मावशी म्हंजे बजाबाई. तयार चादरीचे सुटलेले धागे कातरायला बसायची, वीस वर्सं झाली. हातातली कातर एकवेळ बोथट व्हायची, तोंडातली न्हाय.

झीनतनं डिझाईन काढलं मालदांडी ज्वारीचं. मोर लई झाले म्हनली. काठाला धांडं, मधी कणसं, दाना न् दाना मोजून घ्यावा असा. कागदावर छापून भितीला लावलं तर दुपारच्याला चिमण्या आत आल्या आन चोची मारून गेल्या. कागदाला भोकं पडली. बजाबाईनं सोता मोजली, सतरा.

म्हंजे चित्र झालं. राह्यली फाईल. आन नेमकी सातव्या माळेला ऑफिसातल्या कम्प्युटरची डिस्क गेली. हा कम्प्युटर म्हंजे शेठच्या पुण्याच्या भाच्यानं नवा घेतला म्हनून मामाच्या गळ्यात घातलेला जुना मॅक. नवी डिस्क टाकली, पन आत सगळं कोरं. चित्र तेवढं झीनतनं आपल्या फोनमधी ठेवलं हुतं, ते परत आत घातलं. चित्राची फाईल करायचा प्रोग्राम नव्यानं घालावा लागनार हुता. तो प्रोग्राम फुकट मिळतो. पन तो आनून बसवून द्यायचं काम दुसराच एक करतो, त्येला पॅकेज मॅनेजर म्हनत्यात.

अष्टमीला झीनतनं त्या मॅनेजरला बोलावलं. तो आल्या आल्या म्हनला, डेव्हलपर टूल्स कुटं हायत? ती असल्याबिगर मी कामाला हात लावत न्हाय. झीनत भ्याली. कमी पडायला नको म्हनून तिनं सगळ्यात मोठं पाकीट निवडलं, पंधरा जीबीचं, डाउनलोडला लावलं आन पाच वाजता घरी गेली. सहाला हिंदुराव मास्तरनं लूम धुवायचे म्हनून मेन स्विच खाली वडला. डाउनलोड जागच्या जागी मेलं.

आता हिंदुराव मास्तर कोन, तर कारखान्याचे जॉबर. लूम बिघडला की दुरुस्त करनारा तो जॉबर. आठी लूम धडाडत असले आन मास्तर भायेर लिंबाखाली झोपलेले असले, तरी आत एक धागा तुटला की त्येंचा उजवा कान हलायचा. पाच नंबरचा तुटला तर दोनदा हलायचा. त्येंची एक खाकी पिशवी हुती, तिला शेठसुदिक हात लावत नव्हता.

आन खंडेनवमी म्हंजे मास्तरांचा दिवस. त्या दिवशी हत्यारांची पूजा. लूमफुडं त्या त्या लूमची हत्यारं मांडायची, पाना, पक्कड, कातर, फणीत धागा वडायचा हुक. मांडायच्या आधी मास्तर प्रत्येक हत्यार चालवून बघायचे. पान्यानं एक नट फिरवायचा, कातरीनं एक धागा तोडायचा, मगच हळदीकुंकू. आन एक जरी हत्यार कमी असलं तर त्या लूमची पूजा धरायची न्हाय. गेल्या वर्सी एक पाना सापडंना तर चाळीस मान्सं आरतीचं ताट धरून तासभर उभी. पाना निघाला नारळाच्या पोत्यात. पूजा झाली की मातर दसऱ्याच्या मुहूर्तापतुर कशाला हात लावायचा न्हाय. मास्तरांनी तरुणपनी एकदा लावला हुता, आन दिवाळीच्या आत लूमनं त्येंच्या डाव्या करंगळीचं पेर खाल्लं. आता तसल्या मान्साला कोन समजावनार?

नवमीला झीनत नऊला आली तवर पूजा उरकलेली. कम्प्युटरच्या गळ्यात झेंडूचा हार. पडद्यावर हळदीकुंकवाची पाच बोटं. माऊस इड्याच्या पानावर बसवलेला, त्येच्यावर सुपारी. व्हॉट्सॲपच्या फोटूत उजेड पडावा म्हनून शेठनं पडदा चालू ठेवला हुता, आन त्येच्यावर अष्टमीची चौकट आपोआप परत उघडल्याली.

झीनतनं खुर्ची वडली.

"पोरी," दारातनं मास्तर म्हनले, "हात लावू नगंस."

"मास्तर, फाईल करायची आहे."

"उद्या कर. मुहूर्त सव्वानऊचा हाय."

"सव्वानऊला तर पहिली चादर विणायची आहे. फाईल नसेल तर काय विणणार?"

"ते तुमचं तुमी बगा. पूजा झाली." आन मास्तरनं डावा हात वर केला. करंगळीच्या जागी अर्धी करंगळी.

तेवढ्यात शेठ आला, अंगाला गंधाचा वास. "एमैंदी?" म्हनला. घाईत असला की त्येच्या तोंडून तेलुगूच निघायचं. काय झालं ते कळल्यावर त्येनं पन हात झटकले. "मास्तरफुडं माजं चालत न्हाय बाबा. पन मला पाच वाजेपतुर फाईल दिसली पायजे. न्हायतर हैद्राबादला फोन. त्येंचं मोराचं डिझाईन तयारच हाय, ते मेल करत्यात, मी मोबाईलवरनं पेनड्राइव्हला घेतो." आन गेला घरच्या पूजेला.

झीनत चादरीच्या गठ्ठ्यावर जाऊन बसली. बजाबाई शेजारी आली, कातर न्हाय म्हनून हात मोकळे, म्हंजे तोंडाला जास्ती काम.

"मला एक सांग. ते मॅनेजर म्हंजे काय गं? शेठचा कोन पावना हाय का?"

"माणूस नाही, मावशी. आमच्यात लग्नाला भटारी बोलावतात की नाही बिर्याणीला, तसा. काय पाहिजे ते सांगा, करून देतो. पण येताना नुसता खांद्यावर पंचा टाकून येतो. भांडी आपण द्यायची."

"कसली भांडी?"

"कंपायलर लागतो. प्रोग्राम कच्चा येतो, माणसानं लिहिलेला. तो मशीनला पचेल असा शिजवायचा."

"ती देग झाली."

"देग आणि खालची आग, दोन्ही. मग मेक म्हणून एक असतो. तो स्वतः काही शिजवत नाही. आधी कांदा की आधी मटण, एवढंच सांगत फिरतो."

"आमचा मुकादम."

"गिट लागतं. ते कृती आणून देतं. आणि कोणी कधी तिच्यात काय बदललं, सगळं लक्षात ठेवतं. दहा वर्षांपूर्वीचं पण."

"ती माझी नणंद," बजाबाई म्हनली. "फुडं."

"मापं लागतात, त्यांना हेडर म्हणतात. हे सगळं मिळून डेव्हलपर टूल्स. तीच ह्या मशीनमध्ये नाहीत."

"का गं, तयार पार्सल देत न्हाय व्हय तो?"

"नवीन मशीनला देतो. हे एवढं जुनं आहे, ह्याच्यासाठी तयार माल कोणी ठेवत नाही. इथंच चूल मांडायची."

बजाबाई जराशी गप बसली. ती गप बसली की कारखान्यातली मान्सं घाबरायची. मंग ती उठली, ऑफिसात गेली आन हात पाठीमागं बांधून, कशाला न शिवता, हारामागं वाकून बगायला लागली.

"मास्तर, हिकडं या. हारामागं काय लिवलंय हो?"

मास्तरांना इंग्रजी अक्षरं वळखू यायची, वाचता यायचं न्हाय. झीनतनं दारातनं वाचलं. "डेव्हलपर टूल्स सापडली नाहीत."

"टूल्स म्हंजे?" बजाबाईनं इचारलं. जसं काय तिला ठावच न्हाय.

"हत्यारं," झीनत म्हनली. आन म्हनता म्हनता तिच्या डोक्यात उजेड पडला. "मास्तर, ह्या मशीनची हत्यारं जागेवर नाहीत. मशीन स्वतःच सांगतंय. आणि हळदीकुंकू लावायच्या आधीपासून सांगतंय."

मास्तरांचा उजवा कान हलला.

"नुसत्या धडाची पूजा केलीसा की," बजाबाई म्हनली. "लूम मांडला आन पाना न्हाय. गेल्या वर्सी एका पान्यासाठनं आमाला तासभर उभं केलंसा. माझं गुडघं अजून दुखत्यात. ह्या हत्यारांचं काय?"

मास्तर हाराकडं बगत राह्यले. त्येंचाच नियम, त्येंच्याच अंगावर आला हुता. मंग हळूच म्हनले, "पन हार घालून झालाय. घातलेला हार काडून हत्यार आत घ्यायचं, असं कुटं असतंय का?"

"माझ्या सासूच्यात हुतं," बजाबाई म्हनली. "हातमागाचं घर. सासू सांगायची, हत्यार मागनं सापडलं तर हार डावीकडं सरकवायचा, हत्यार आत घ्यायचं, चालवून बगायचं आन हळदीकुंकू लावायचं. दिवा लागायच्या आत. पन आननारा हात पूजा करनाऱ्याचाच पायजे. दुसऱ्याचा चालत न्हाय. सासूची आन."

मास्तरनं बजाबाईकडं लई वेळ बगितलं. बजाबाईनं पापनी हालवली न्हाय. शेवटी मास्तर मोरीवर गेले, हात-पाय धुतले, टोपी नीट केली, हार डावीकडं सरकवला आन खुर्चीवर बसले. जलमात पयल्यांदा कम्प्युटरफुडं.

"सांग," म्हनले. "काय आनायचं?"

"कालचं मोठं पाकीट पुन्हा लावायला लागेल. पंधरा जीबी. ह्या नेटवर पाचपर्यंत काही येत नाही ते."

"त्यात काय काय हाय?"

"सगळंच आहे. फोनचं ॲप बनवायचं, घड्याळाचं बनवायचं, काय काय."

"तुला घड्याळाचं करायचंय?"

"नाही."

"पोरी, लूमला एक धागा तुटला तर मी काय आनतो? पिशवी. आख्खं वर्कशॉप टेंपोत घालून आनतो का? तो तुजा भटारी, मगाशी ऐकलं मी, काय मागतोय ते नीट वाच."

झीनतनं वाचलं. अष्टमीला भ्यायच्या नादात नीट वाचलंच नव्हतं. मॅनेजरनं मोठं पाकीट मागितलंच नव्हतं. त्येला नुसती कमांड लाईन टूल्स पायजे हुती, मोठ्याच्या मानानं मूठभर. कंपायलर, मेक, गिट, हेडर, संपलं. तिचे कान लाल झाले.

"छोटं चालतंय, मास्तर."

"मंग सांग."

आता तुमाला वाटंल दाबायचं काय अवघड हाय. पन मास्तर एकेक बटन असं दाबायचे जसा काय लूमचा नट आवळायलेत. झीनत अक्षर सांगायची, मास्तर ते शोधायचे, सापडलं की उजव्या हाताच्या बोटानं दाबायचे आन डाव्या हातानं नमस्कार करायचे. "एक्स." नमस्कार. "सी." नमस्कार. एक्सकोड-सिलेक्ट, म्हंजे ती टूल्स मागवायचा मंत्र, लिवूस्तवर बजाबाईचा चहा करून, पिऊन, कप विसळून झाला.

"आता जागा सोडा. मग दोन आडव्या रेघा."

"दोन कशाला? एकीनं भागत न्हाय?"

"दोन लागतात, मास्तर."

"लावतो बाबा. लूमला बी दोन पट्टे असत्यात."

मंग इन्स्टॉल. चौकट आली, मास्तरनं सुपारी बाजूला ठेवून माऊस धरला आन हो म्हनलं. एक निळी पट्टी सरकायला लागली. ती अशी सरकायची की झेंडूच्या हाराला दोन नव्या कळ्या फुटल्या तरी ही आर्ध्यावर. साडेअकराला एकदाची पोचली.

"आली?" मास्तर म्हनले. "दाव."

झीनतनं अक्षरं सांगितली, मास्तरनं दाबली. गिटला नाव इचारलं, त्येनं नाव आन नंबर सांगितला. मास्तरनं बोट बुडवून त्या ओळीवर हळदीकुंकू लावलं, एक फूल वाह्यलं. मेकला इचारलं, त्येनं सांगितलं, त्येला फूल. कंपायलरला इचारलं, तो लई बोलला, चार ओळी, त्येला मास्तरनं दोन फुलं वाह्यली. पडद्यावर आता वाचायला जागा राह्यली न्हाय.

मंग मास्तर उठले. हार परत मधी आनला. हात जोडले.

"झाली. आता पूजा पुरी झाली. उद्या सव्वानऊपतुर कुनी हात लावायचा न्हाय."

हत्यारं नव्हती तवर मशीनला हात लावायला वाट हुती. हत्यारं आली आन वाट बंद झाली. तिनं बजाबाईकडं बगितलं. बजाबाईनं छताकडं बगितलं. सासू एवढ्याफुडं काय बोलली नव्हती.

झीनतच्या डोळ्याफुडं नवी पेठ आली. काउंटर आला. काचेखालचा बुडबुडा आला. आन त्या बुडबुड्यात तिला पान्यानं नट फिरवनारे मास्तर दिसले.

"मास्तर," ती म्हनली, "तुम्ही न चालवलेलं हत्यार पूजेत मांडता का?"

"कदी न्हाय."

"मग ह्यांची नुसती नावं विचारलीत. चालवून कुठं बघितलं? पाना आणला, नट कुठं फिरवला?"

मास्तरांचा हात हारावरच राह्यला.

"आन सासूनं पन सांगितलंय की," बजाबाई एकदम जागी झाली. "चालवून बगायचं. मगाशी म्हनलं न्हाय व्हय मी?"

"कसं चालवायचं ह्येंना?"

"मॅनेजरला बोलवायचं. त्याला सांगायचं, आमचा जॅकार्डचा प्रोग्राम शिजव. तो ही हत्यारं वापरून शिजवेल. शिजला म्हणजे हत्यारं चालतात."

"आन तो प्रोग्राम?"

"तो पण हत्यारच, मास्तर. चित्राची फाईल करायचं हत्यार."

"म्हंजे त्येला बी चालवून बगायला लागनार."

"लागणारच की," झीनत म्हनली, आन मान खाली घातली, हसू दिसू नये म्हनून.

मास्तरनं हार परत डावीकडं सरकवला.

बारा वाजता भटारी कामाला लागला. ह्या बारीला त्येनं भांडी मोजली, सगळी मिळाली, एक शब्द तक्रार न्हाय. पडद्यावर ओळी पळायला लागल्या, एकीमागं एक, ताण्याचे धागे पळत्यात तशा. मॅकच्या आतला पंखा असा गरगरला की वॉचमनला वाटलं नवमीला लूम चालू केला, तो काठी घेऊन पळत आला. मशीन एवढं तापलं की बजाबाईनं कडक भाकरी त्येच्या पाठीला टेकवून ठेवली, ती मऊ पडली. कडक भाकरी मऊ पडल्याली सोलापुरात कुनी बगितली न्हाय, बजाबाईनं बगितली, खाल्ली बी.

मास्तर खुर्चीवरनं हलले न्हाईत. दोन वाजता म्हनले, "ह्येचा आवाज बरोबर हाय. नट ढिला न्हाय." तीनला एकदा त्येंचा कान हलला आन ते म्हनले, "कायतरी तुटलं." झीनतनं बगितलं, तर नेट गेलेलं. तिनं आपला फोन जोडला, मॅनेजर जिथं थांबला हुता तिथनं फुडं गेला.

पावणेपाचला शिजवनं संपलं. शेठ दारात हुभा, हातात फोन. "पंधरा मिनिटं राह्यली."

"हत्यार चालवून बगतोय," मास्तर म्हनले, मागं न बगता. "मधी बोलू नका."

झीनतनं शेवटची अक्षरं सांगितली. मास्तरनं ज्वारीचं चित्र प्रोग्रामला दिलं, दाबलं, नमस्कार केला. एक बारकी फाईल तयार झाली. पेनड्राइव्ह घातला, फाईल घेतली, काढला. भितीवरच्या घड्याळात पाचला दोन मिनिटं कमी.

"आण हिकडं," शेठनं हात फुडं केला. "बगतो आत काय हाय का मोकळाच हाय."

मास्तरनं पेनड्राइव्ह पानावर ठेवला, वर हळदीकुंकू वाह्यलं, फूल ठेवलं, आन हार सरकवून बरोबर मधी आनला.

"पूजा झाली, शेठ. उद्या सव्वानऊपतुर हात लावायचा न्हाय."

शेठ हाराकडं बगतो, मास्तराकडं बगतो, अर्ध्या करंगळीकडं बगतो. "सरे," म्हनला, म्हंजे बरं, आन फोन खिशात ठेवला.

झीनतला त्या दिवशी जेवन गोड लागलं न्हाय. फाईल बरोबर झाली का उलटी झाली, तिला तरी कुटं ठाव? बगायला गेलं तर हात लावायची सोय न्हाय. सोताच्याच युक्तीत अडकली हुती बाई.

दसऱ्याला सव्वानऊला मास्तरनं लूमफुडं नारळ फोडला. पेनड्राइव्ह डब्यात गेला. लूमनं एक खाकरा काढला आन चालू झाला. पयली बोटभर पट्टी साधी. शेठनं खिशातला फोन चाचपला. दुसरी बोटभर बी साधी. झीनतनं बजाबाईचा दंड धरला, असा की आठवडाभर वळ राह्यला. तिसऱ्या बोटाला धांड्याचं टोक दिसलं. मंग पान. मंग कणीस, भरलेलं, दाना न् दाना. चादर हातभर झाली तवर रोशनदानातनं एक चिमणी आत आली, लूमवर बसली, कणसाकडं बगून मान वाकडी केली. अष्टमीच्या आधी आल्याली तीच. चोचीवरनं बजाबाईनं वळखली.

शेठनं चादरीवर हात फिरवला, दोनदा. "सोमवारपासनं खुर्ची पंख्याखाली घे," एवढंच म्हनला. मामूनं काउंटरला दुसरा मानूस बगितला. त्यो बी फकीरच्या वळखीचाच निघाला, पन ते राहू द्या.

संध्याकाळी सोनं वाटताना मास्तरनं बजाबाईच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आन म्हनले, "तुजी सासू लई शिकल्याली बाई हुती म्हनायची."

"हुतीच," बजाबाई म्हनली.

आता नरसय्या शेठच्या कारखान्यात दर खंडेनवमीला हा नियम पाळत्यात. कम्प्युटरफुडं मास्तर सोता बसत्यात, गिटला इचारत्यात, मेकला इचारत्यात, कंपायलरला दोन फुलं. हार डावीकडनं मधी. शेजारच्या कारखान्यानं बी उचललं. तितं तर म्हनत्यात, पूर्वापार चालत आलंय.

तर सगळं खरं हाय. चिमण्या खऱ्या, सतरा भोकं खरी, भाकरी खरी, हाराला कळ्या फुटल्या त्या खऱ्या. बनवल्याली गोष्ट एकच. सासू. बजाबाईनं सासू बगितलीच न्हाय, ती लग्नाच्या दोन वर्सं आधी वारली. आन त्येंच्या घरात हातमाग बी नव्हता, म्हसरं हुती. मास्तरांना हे पक्कं ठाव हुतं. नवऱ्या मुलाकडनं वऱ्हाडी म्हनून जेवायला बसले हुते ते त्या लग्नात.